दोष केबलचा नव्हता

विज्ञानप्रदर्शनांत आमचीं चित्रें मोठ्या पडद्यावर दाखविण्याचें काम मजकडे होतें. मित्रानें आणलेली केबल माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टांत चपखल बसली; परंतु पडदा काळाच! विंडोज व पी हीं बटणें एकदम दाबलीं, तेंहि व्यर्थ. “तुझी केबलच वाईट!” असें मी सर्वांदेखत त्यास बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला.

तेव्हां सर म्हणाले, “बाळ, २०१४ सालीं ठरलेला टाइप-सीचा आकार सर्वत्र एकच, परंतु कांहीं पोर्टांतून केवळ वीज व माहिती जाते, चित्र जात नाहीं. तुझें तसलेंच आहे.” शेजारच्या एचडीएमआय पोर्टांत दुसरी केबल घालतांच पडदा उजळला.

उणीव माझ्या यंत्रांत होती आणि शब्द मित्राला लागला होता. चित्रें दाखविण्यापूर्वीं मीं त्याची सर्वांदेखतच क्षमा मागितली.