दोन सारखी उत्तरे

विद्यार्थी मित्रहो,

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बी.एस्सी.ला आम्ही ‘लेंस’ शिकलो. ‘भिंग’ हा शब्द घरी आजीच्या तोंडून ऐकलेला. या सुटीत ‘गुरुत्वीय भिंगा’विषयी वाचताना माझी एक जुनी चूक आठवली.

१९७९ साली डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन या खगोलशास्त्रज्ञांना सप्तर्षीच्या भागात दोन क्वेसार जवळजवळ आढळले. अंतर केवळ ६ विकला, म्हणजे पाऊण किलोमीटरवरचे रुपयाचे नाणे दिसेल तेवढे. दोघांचे वर्णपट जुळ्या भावांसारखे. क्वेसार एकच असेल, तर त्याचा प्रकाश वळवणारे मधे कोण, हा प्रश्न उभा राहिला. मग अधिक रेखीव छायाचित्रे घेतली गेली. १९८० मध्ये ॲलन स्टॉकटन यांनी एका प्रतिमेतून दुसरीचा उजेड वजा केला, तेव्हा तिला जवळजवळ चिकटलेली एक अंधुक दीर्घिका दिसली. तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे एकाच क्वेसारचा प्रकाश दोन वाटांनी आपल्याकडे येतो. एका वाटेचा प्रकाश दुसरीपेक्षा सुमारे ४१७ दिवस उशिरा पोहोचतो. अशा भिंगांची गणिते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शशिकुमार चित्रे व सहकाऱ्यांनीही मांडली, हे वाचून आनंद झाला.

आता माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वी सहामाहीत शेजारी बसलेल्या दोन मुलांची विज्ञानाची उत्तरे शब्दाला शब्द सारखी निघाली. मी दोघांना शून्य दिले. एक जण रडत म्हणत राहिला, “सर, मी नक्कल नाही केली.” मी ऐकले नाही. वर्ष संपता संपता एक वृद्ध बाई शाळेत आल्या. दोघेही संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला बसत. त्या उत्तरे पाठ म्हणवून घेत. म्हणाल्या, “सर, उत्तर माझं होतं हो!”

मला दोन वह्या दिसल्या होत्या, मधली आजी दिसली नव्हती. गुण दुरुस्त केले, पण तो रडणारा मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता.

मित्रहो, दोन गोष्टी सारख्या दिसल्या की मधे कोण आहे ते आधी शोधा. मी शोधले नाही, तर मला थांबवा.

हे वार्तापत्र माजी विद्यार्थ्यांकडेही जाते. तो हे वाचत असेल तर एवढेच: बाळा, तू नक्कल केली नव्हतीस. हे सांगायला मला ४१७ दिवसांहून फार उशीर झाला. क्षमा कर.

तुमचा,
मुख्याध्यापक