'टेल मी अबाउट युवरसेल्फ'च्या आधी

मुलाखतीतला पहिला प्रश्न सगळ्याच मुलांना आधीपासून ठाऊक असतो, आणि तरी सर्वांत जास्त मुलं तिथेच अडखळतात. पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंगच्या मुलांकडून कॅम्पस मुलाखतीची तयारी करून घेणं हे माझं काम. यातली बहुतेक मुलं मराठी शाळांतून आलेली. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलं शाळेची दहा वर्षं आणि डिप्लोमाची तीन वर्षं इंग्रजी वाचत-लिहीत आलेली असतात. पण स्वतःबद्दल सलग एक मिनिट इंग्रजीत बोलायची वेळ त्यांच्यावर कधीच आलेली नसते.

मग पाठांतर सुरू होतं. सीनियरने दिलेली, यूट्यूबवरून उतरवलेली उत्तरं. 'आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड अ क्विक लर्नर. माय वीकनेस इज दॅट आय ॲम अ परफेक्शनिस्ट.' समोरच्या एचआरने हीच वाक्यं सकाळपासून कितीतरी तोंडांतून ऐकलेली असतात. व्याकरणाची चूक त्यात एकही नसते, पण बोलणाऱ्याचाही कुठे पत्ता नसतो. 'कॅन यू गिव्ह मी ॲन एक्झाम्पल?' एवढंच कुणी विचारलं की मूल गप्प होतं.

म्हणून मी आधी काय सांगायचं ते ठरवून घेते, आणि तेही मराठीत.

येवला तालुक्यातली एक मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला होती. "मॅडम, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही," म्हणाली. सुट्टीत घरी काय करतेस, ते मराठीत सांग म्हटलं. हळूहळू बोलू लागली. घरी कांदा. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. लाइनचा एक फेज गेला की विहिरीवरची मोटर नुसती गुरगुरायची, उरलेल्या दोन फेजांवर करंट चढायचा आणि वाइंडिंग जळायचं. मग मोटर बाहेर काढा, तालुक्याला न्या, रिवायंडिंगचे पैसे भरा; तोवर कांदा पाण्यावाचून. दुसऱ्या वर्षाला असताना तिने स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला आणि ओव्हरलोड रिलेचं सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरचा करंट बघून कसं ठेवायचं, ते वडिलांना दाखवलं.

हे सगळं तिला 'सांगण्यासारखं' वाटत नव्हतं! इंग्रजीत त्याची चार वाक्यं झाली. 'वी ग्रो अनियन्स. अवर पंप मोटर बर्न्ट मेनी टाइम्स बिकॉज ऑफ सिंगल फेजिंग. आय फिटेड अ प्रिव्हेंटर इन द स्टार्टर. द मोटर हॅज नॉट बर्न्ट सिन्स देन.' शाळकरी पोरालाही जमतील अशी वाक्यं. पण आता 'करंट का वाढतो?' विचारा, 'खर्च किती आला?' विचारा, ती थांबत नाही; कारण ते तिने हाताने केलेलं आहे. तुमची जमेची बाजू कोणती, एखादी अडचण कशी सोडवलीत, हीच शाखा का घेतली, या तिन्ही प्रश्नांना तिला हाच अनुभव पुरला.

यापुढचा सराव मात्र तोंडाने व्हायला हवा. उत्तर पूर्ण लिहून काढलं की ते पाठ होतं, म्हणून मी कागदावर चार-पाच शब्दांपलीकडे लिहू देत नाही. उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ऐकायचं. मग तीच गोष्ट वेगळ्या वाक्याने सुरू करायची. ऐकताना दोन गोष्टी पकडायच्या: घडून गेलेलं भूतकाळात सांगितलं का, आणि वाक्याचा शेवट गिळला का. उच्चारातल्या मराठी वळणाचा मुलं उगाच बाऊ करतात. शब्द स्पष्ट असला की पुरे. 'मायसेल्फ अमुक' ऐवजी 'आय ॲम अमुक' म्हणायची सवय आठवड्याभरात लागते. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नये. 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' हे वाक्य जिभेवर हवंच.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 275 गुणांच्या मुलाखतीत उमेदवाराला मराठीतून बोलता येतं. कंपन्यांच्या मुलाखतीत बहुतेक ठिकाणी तशी मोकळीक नसते. मोटर दुरुस्त करणाऱ्या हातांची पारख इंग्रजीवरून व्हावी, हे मला अन्यायाचं वाटतं. पण ते बदलेपर्यंत या मुलांना थांबून चालणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अशी मुलं घरोघरी आलेली असतील. घरात इंग्रजी येणारं कुणी नसलं तरी अडत नाही. वर्षभरात काय केलंस, कसं केलंस आणि तसंच का केलंस, हे त्यांना मराठीत विचारा आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.