खोक्यातला मिक्सर

आमचे जावई अमेरिकी सैन्यात अधिकारी आहेत. त्यांची बदली जर्मनीतील कैसरस्लाउटर्न येथे झाली आणि कन्येचा संसार टेक्सासहून तेथे हलला. छावणीच्या कमिसरीत अमेरिकी माल डॉलरमध्ये मिळतो. परंतु बाहेरच्या भाड्याच्या घरातील वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतून नेलेली ११० व्होल्टची उपकरणे ट्रान्सफॉर्मरवाचून निरुपयोगी ठरली. याउलट आम्ही लग्नात दिलेला, टेक्सासमध्ये खोक्यातच पडून राहिलेला सांगलीचा मिक्सर निव्वळ अडॅप्टर लावताच घरघरू लागला. बुडीत खात्याची वसुली व्हावी, तसा मला आनंद झाला!

तेथे रविवारी दुकाने बंद असतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौविहार सांभाळायचा तर दुपारीच चूल पेटवावी लागते. जूनमध्ये मात्र साडेनऊपर्यंत उजेड. हे सारे तिच्या अंगवळणी पडले. पडले नाही ते जावयांचे सरावासाठी महिना-महिना दूर असणे. त्या दिवसांत ती दूरध्वनीवरून लसणाविना शेंगदाणा चटणीचे प्रमाण विचारते. ते तिला तोंडपाठ आहे, हे आमच्या सौ.ना ठाऊक आहे. तरीही त्या दर वेळी सावकाश, पहिल्यापासून सांगतात.