कुंपणाची बाजू

‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण आपण नेहमी फिर्यादीच्या सुरात म्हणतो. खजिनदार पैसे खातो आणि बदनामी बिचाऱ्या कुंपणाची होते! गेल्या वर्षापासून मला मात्र कुंपणाची बाजू घ्यावीशी वाटू लागली आहे.

त्याला कारण आमचे अण्णा. थोरल्या बंधूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि शब्दकोड्यात कुणाला हार न जाणारा हा माणूस चहाच्या कपाला ‘किल्ली’ म्हणू लागला. आमची भाची डॉक्टर आहे. तिला मी विचारले, “घटकाभर रक्त अडले, तेवढ्याने एवढा नाश?”

“मामा, उपासमार झालीच, पण दारेही उलटी फिरली,” ती म्हणाली.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या द्वारे एकमेकींशी बोलतात. ग्लूटामेट हे त्यांतले एक. निरोप पोचला की ते चटकन उचलावे लागते. नाहीतर शेजारची पेशी उत्तेजित होऊन होऊन अखेर मरते. हे उचलण्याचे काम पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिने करतात. बाहेरच्यापेक्षा हजारो पट ग्लूटामेट ती आत कोंडून ठेवतात.

कशाच्या बळावर? संध्याकाळी दादरला आपण लोकलमध्ये चढत नाही, गर्दी आपल्याला चढवते. इथेही तसेच. पेशीबाहेर सोडियमची दाटी असते. त्याचे ३ कण आत घुसताना ग्लूटामेटच्या एका कणाला रेटून नेतात. आत आलेले सोडियम पुन्हा बाहेर काढायला एक वेगळा पंप अहोरात्र राबतो. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऊर्जा घेतो, त्यातला मोठा वाटा या पंपाचा.

रक्त थांबले की काही मिनिटांत हा पंप थकतो. सोडियम आत साचते, बाहेरचा रेटा सरतो आणि तेच दार ग्लूटामेटला बाहेर लोटू लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डेव्हिड ॲटवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उलटी वाहतूक १९९० साली दाखवून दिली. रक्त तुटल्यावर प्रथम सांडणारे ग्लूटामेट मुख्यतः याच वाटेने येते, हे त्यांनी २००० साली उंदरांच्या मेंदूच्या कापांवर सिद्ध केले.

म्हणजे दार फितूर झालेले नसते. रेट्याची दिशा तीच त्याची दिशा. आपण ज्याला दाराचे इमान समजत होतो, तो पंपाचा घाम होता!

चाळीस वर्षांत ज्यांचा आवाज माजघराबाहेर आला नाही, त्या आमच्या वहिनी परवा अण्णांवर कडाडल्या. “सांभाळणारीनेच असे करावे?” कुणीतरी कुजबुजले. मला मात्र एवढेच आठवले, की आठ महिन्यांत त्यांना एकही रात्र सलग झोप मिळालेली नाही.

आता मंगळवारी आणि शनिवारी रात्रीची पाळी माझी असते. अण्णा दोनदा उठतात आणि ‘छत्री’ मागतात. मी पाणी देतो. पलीकडच्या खोलीत वहिनी घोरत असतात. त्या घोरतात, हे आम्हांला चाळीस वर्षांनी कळले.