करवंट्या आणि तुताऱ्या

‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’चं चित्रीकरण १९७४ साली स्कॉटलंडमध्ये झालं, तेव्हा राजा आर्थरला घोडा देण्याइतके पैसे मंडळींच्या गाठीशी नव्हते. मग राजा नुसताच दुडक्या चालीनं निघाला आणि मागून सेवक नारळाच्या करवंट्या आपटून टापा वाजवत राहिला. ही गोष्ट चित्रपटवेड्या मंडळींना पाठ आहे. त्या राजाच्या मागे वाजणाऱ्या तुताऱ्याही उसन्या होत्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नील इनेस यांनी या चित्रपटासाठी संगीत केलं होतं. त्यांची गाणी राहिली. पार्श्वसंगीत मात्र पुरेसं वीरश्रीचं वाटेना, म्हणून बरंचसं बाजूला पडलं. त्याच्या जागी आली लंडनच्या ‘डी वुल्फ’ कंपनीच्या संग्रहातली तयार ध्वनिमुद्रणं. ही कंपनी १९०९ सालची. मूकपटांच्या थिएटरांना नोटेशनच्या प्रती पुरवण्यापासून तिनं सुरुवात केली आणि पुढे कुणाच्याही चित्रपटात बसेल असं संगीत मुद्रित करून ठेवू लागली. लढाई पाहिजे, लढाई घ्या. मिरवणूक पाहिजे, मिरवणूक घ्या. त्या संग्रहासाठी ज्यांनी तुताऱ्या फुंकल्या, त्यांच्या मनात खरेखुरे सरदार होते, खरे किल्ले होते. करवंट्यांची त्यांना गंधवार्ता नव्हती. विडंबनाला नेमकं हेच लागतं.

हौशी दिग्दर्शक बहुतेक वेळा उलट्या वाटेनं जातो. चार मित्र, एक मोबाइल, आजोबांचा कोट आणि कुणाच्या तरी वाड्याचा जिना एवढ्या भांडवलावर जुन्या रहस्यपटाचं विडंबन उरकतं. संकलन होतं. मग रात्री उशिरा संगीताची आठवण होते आणि इंटरनेटवर ‘विंटेज’ आणि ‘कॉमेडी’ असे दोन शब्द टाकले जातात. समोर येतं उड्या मारणारं युकुलेली, बोटांनी छेडलेली व्हायोलिनं, मध्येच एखादी शीळ. हे संगीत प्रेक्षकाच्या आधीच हसतं. पडद्यावर इन्स्पेक्टर मिशी अर्धी सुटलेली असताना चेहऱ्यावरची रेषही न हलवता प्रश्न विचारतोय आणि मागून युकुलेली ओरडतंय, ‘बघा, बघा, मिशी सुटली!’ त्यापेक्षा काहीच न वाजलेलं बरं.

‘एअरप्लेन!’ (१९८०) करणाऱ्या झुकर बंधूंनी आणि जिम अब्राहम्स यांनी हा सापळा टाळला. त्यांनी गाठलं ते एल्मर बर्नस्टाइन यांना, म्हणजे ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’च्या संगीतकाराला. मागणी होती ती एखाद्या सुमार संकटपटाला शोभेल अशा, जीव तोडून गंभीर असलेल्या संगीताची. बर्नस्टाइन यांनी ते डोळासुद्धा न मिचकावता दिलं. त्या चित्रपटातलं विमान जेट आहे, आवाज मात्र पंख्याच्या विमानाचा. कारण ज्या ‘झीरो अवर!’ची (१९५७) ही टर, त्यातलं विमान पंख्याचं होतं.

आता ‘जुनं’ म्हणजे नेमकं कधीचं? कान इथे मोठे फसवे. ‘द स्टिंग’ हा १९७३ चा चित्रपट घडतो १९३६ साली आणि त्यात वाजतं स्कॉट जॉप्लिनचं ‘द एंटरटेनर’, जे छापलं गेलं १९०२ मध्ये. शिकागोचे भामटे आपल्या लहानपणीच्या रॅगटाइमवर कशाला डोलतील? पण त्या रूपांतरासाठी मार्विन हॅम्लिश यांना ऑस्कर मिळालं आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या डोक्यात त्या भामट्यांच्या काळाला तोच पियानो चिकटला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावावा. विडंबनकारानं निमूटपणे तो पियानो घ्यावा. प्रेक्षकाच्या आठवणीतला काळ बहुधा दुसऱ्याच एखाद्या चित्रपटातून आलेला असतो.

मालेगावात हे फार आधी कळलेलं दिसतं. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही सुमारे ५०,००० रुपयांत. डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या. आणि मूळ ‘शोले’ तरी कुठे सोवळा? राहुलदेव बर्मन यांच्या पार्श्वसंगीताचा एक कान सर्जिओ लिओनेच्या चित्रपटांकडे लागलेला होता. त्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या एन्निओ मोरिकोने यांना सुरुवातीला मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून शीळ, चाबूक आणि विजेची गिटार पुढे आली. स्कॉटलंडच्या करवंट्यांपासून मालेगावच्या सायकलींपर्यंत सगळा वंश एकच.

मूकपटाचा बाज पाहिजे असेल, तर खजिना उघडाच पडलाय. क्लीव्हलंडच्या सॅम फॉक्स कंपनीनं १९१३ साली जे. एस. झामेच्निक यांचं चित्रपटांसाठीचं पियानो-संगीत पुस्तकरूपात आणलं. हा माणूस प्रागमध्ये द्वोर्झाककडे शिकलेला, आणि लिहीत होता काय, तर चोर आला, वादळ आलं, एकच गडबड उडाली! १९२४ मध्ये एर्नो रापे यांचं ‘मोशन पिक्चर मूड्स’ आलं. त्याच्या प्रत्येक पानाच्या समासात प्रसंगांची आणि भावांची यादी छापलेली आहे, पुढे पानाचा आकडा: विमान, आग, अंत्ययात्रा, लग्न, आगगाडी, अधीरता, इतकंच काय, ‘एकसुरीपणा’सुद्धा. वादकानं एक डोळा पडद्यावर ठेवायचा आणि दुसऱ्यानं पान शोधायचं. अमेरिकेत ही दोन्ही पुस्तकं आता कुणाच्या मालकीची नाहीत. ओळखीत पियानो वाजवणारं कुणी असेल तर काम एका दुपारचं. पियानो किंचित बेसूर असेल तर सोन्याहून पिवळं.

वादक नसेल, तर तबकड्या आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०११ साली ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ सुरू केला. तिथे ‘व्हिक्टर’ कंपनीची हजारो जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. अमेरिकी कायद्यानं १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ रोजी मोकळी झाली. केव्हिन मॅक्लाउडसारखे आजचे संगीतकारही जुन्या धाटणीचे तुकडे नुसत्या श्रेयोल्लेखावर वापरू देतात.

पण स्टुडिओत वाजवलेल्या चकचकीत तुकड्यावर नुसती खरखर पसरली की तो जुना होत नाही. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत वादक एका भोंग्यापुढे दाटीवाटीनं उभे राहून वाजवत. डबल बेसचा खर्ज तबकडीवर नीट उमटेना म्हणून तिथे ट्यूबा येई. व्हायोलिनलाही धातूचा कर्णा बसवलेला असे. म्हणून खर्जाचं आणि तीव्राचं, दोन्ही टोकं छाटावी लागतात, स्टीरिओचा मोनो करावा लागतो. खरखर दृश्य बदललं म्हणून थांबताही कामा नये. हौशी चित्रपटांत ती नेमकी तिथेच थांबते.

भारतीय कायदा जरा आडवळणाचा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, चालीवरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी तबकडी मोकळी आणि तिच्यावरची चाल अजून बांधलेली, असं होऊ शकतं. ‘अयोध्येचा राजा’चे (१९३२) संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१६ पासून सगळ्यांच्या. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले. त्यांच्या चालींसाठी २०३५ उजाडावं लागेल. शब्दांचा हिशेब पुन्हा वेगळा, म्हणून चाल पायपेटीवर नव्यानं वाजवून घ्यावी आणि गाण्याच्या भानगडीत पडू नये.

‘प्रभात’च्या काळाची टर उडवायला निघालेला मराठी दिग्दर्शक मात्र एका ठिकाणी हमखास ठेचकाळतो. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत नाहीच. प्रसंगात जे आवाज असतील, तेच कानावर येतात. त्या चित्रपटाच्या विडंबनात म्हाताऱ्या नवरदेवाच्या मागे करुण सारंगी लावली की सगळा डाव फसला. तिथे शोध बंद करून भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला चावी द्यावी, मोबाइल त्याच्याजवळ ठेवावा आणि वरच्या मजल्यावर जाऊन ‘काकू, तासभर मिक्सर लावू नका’ म्हणून सांगून यावं.