डब्यावरचा 90 आणि बांधीतला चिखल



पऱ्हे टाकून झाले. पाणी बरा लागला तर पंधरा-वीस दिवसांत चिखलणी सुरू होईल. त्याआधी ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगमधल्या तेलाबद्दल लिहून ठेवतो. मी दहावी पास माणूस, मिस्त्री नाही. पण मागच्या साली हा धडा पैसे देऊन शिकलो. तुम्ही फुकट शिका.

माझा ट्रॅक्टर सेकंडहँड, फोर बाय फोर. मागच्या मे महिन्यात मागचं तेल बदलायचं होतं. चाळीस लिटरच्या आसपास लागते, म्हणजे खर्च मोठा. शेजारच्या दादाकडे त्याच्या जुन्या ट्रॅक्टरचं तेल उरलं होतं. तो म्हणाला, "90 नंबर हाय, घेऊन जा. गियर तेल ते गियर तेल." मलाही पटलं. उरलेलं तसंच 90 नंबर दुकानातून आणून भरलं. चार पैसे वाचले म्हणून खूश.

आठ दिवसांत ब्रेक ओरडायला लागले. दाबले की कर्रकर्र. म्हटलं नवीन तेल हाय, बसेल हळूहळू.

जुलैमध्ये रोवणी लागली. सकाळी रोवणीच्या बाया ट्रॉलीत बसवून तलावाची पाळ उतरत होतो. ब्रेक दाबला. आवाज मोठा आला, पण वेग काही कमी होईना. नशिबानं गाडी लो गियरमध्ये होती, इंजिनानंच धरून खाली आणली. एका मावशीनं विचारलं, "का झालं जी भाऊ?" मी म्हटलं, "काही नाही." खोटं बोललो. हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं खालचा नट ढिला केला, तर पांढरट पाणचट तेल निघालं. म्हणाला, "भाऊ, हे तेल नोहोय, ताक हाय." म्हणजे रोग एक नाही, दोन होते.

पहिला रोग माझ्या कंजूषपणाचा. डब्यावरचा 90 हा आकडा फक्त घट्टपणा सांगते. तेल कोणत्या कामाचं, हे तो सांगत नाही. बरं, गियर तेलाची मोजपट्टीही वेगळी असते. गियर तेलाचा 90 आणि इंजिन तेलाचा 40-50 यांचा घट्टपणा जवळजवळ सारखाच. दादाच्या जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक सुके, तेलाच्या बाहेर. त्याला ते तेल चालते. माझ्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले. गियर, डिफरन्शियल, हायड्रोलिक आणि ब्रेक, चौघंही एकाच तेलावर जगतात. गियरला दात घसरते पाहिजेत, ब्रेकला प्लेटा धरायला पाहिजेत. दोन्ही सांभाळणारं तेल वेगळं बनवतात. दुकानात त्याला यूटीटीओ किंवा वेट ब्रेक ऑईल म्हणतात. साधं ईपी 90 टाकलं तर ब्रेक ओरडतात आणि घसरतात.

पिकअप, जीपवाल्यांचं उलटं. त्यांच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये बहुतेक हायपॉइड गियर असतात. दात एकमेकांवर दाबून घासत सरकतात, म्हणून तिथं जीएल-5 दर्जाचं तेल लागते. पण जीएल-5 मोठा आकडा म्हणून गियरबॉक्समध्येही ओतू नका. त्यातली दाब सोसणारी औषधं जास्त असतात, ती काही गियरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. तिथं पुस्तकात जीएल-4 असेल तर जीएल-4च टाका.

दुसरा रोग आपल्या धानपट्ट्याचा. आपल्या बांध्या लहान, वळणं जास्त. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरते, आतलं कमी. हा हिशोब डिफरन्शियल सांभाळते. दोन-तीन तास रोटावेटर चालला की हाऊसिंग तापते. तशीच गाडी खोल पाण्यात गेली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरचं ओढते. सील झिजलं असेल किंवा ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर पाणी आत जाते. दुसऱ्याची हायड्रोलिक ट्रॉली जोडली तर तिच्या जॅकमधलं खराब तेलही आपल्या हाऊसिंगमध्ये येते. हे मला माहीतच नव्हतं.

आता मी काय करतो ते सांगतो.

चिखलणीच्या आधी आणि रोवणी आटोपल्यावर तेल पाहतो. गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि सकाळी चालू करायच्या आधी खालचा नट थोडा ढिला करतो. पाणी तेलाहून जड, साचलं असेल तर आधी तेच निघते. तेल दुधाळ असेल तर ते बसून सुटत नाही, बदलावंच लागते. शंका असेल तर दोन थेंब गरम तव्यावर टाका. चटचट केलं तर पाणी हाय.

बदलताना आधी भरायचा नट उघडून पाहा, मगच खालचा खोला. खाली रिकामं केलं आणि वरचा नट जाम निघाला तर गाडी जागेवर बसते. तेल गरम असताना काढा, गाळ सोबत निघते. नटाला चुंबक असेल तर त्यावर राखेसारखा बारीक काळा लेप चालते. तुकडे, किरचा दिसल्या तर मिस्त्रीला बोलवा. गाडी सपाट जागेवर ठेवून खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं की सीलमधून वाहते.

फोर बाय फोरवाल्यांनी पुढचा अॅक्सल विसरू नका. त्याच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं, दोन्ही हबांचं वेगळं. माझ्या पुढच्या हबात तेल कमी आणि चिखलच जास्त निघाला. कोणतं तेल टाकायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहा, दादाला विचारू नका. मलाही विचारू नका. काढलेलं तेल बांधीत किंवा तलावात सांडू नका, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

मला ताक काढून दोनदा तेल भरावं लागलं. पहिलं फक्त धुण्यासाठी गेलं. ब्रेकच्या प्लेटा बदलल्या. ऐन रोवणीत सहा दिवस ट्रॅक्टर उभा. पंचवीस दिवसांचे पऱ्हे महिन्याच्या वर गेले. जून पऱ्ह्याला फुटवे कमी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या बांध्यांत धान विरळच राहिला. वाचवलेले चार पैसे कुठं गेले ते समजा.

पण ते नुकसान सोसलं जाते. पाळीवरचा तो उतार अजून डोळ्यापुढून जात नाही. आता बाया ट्रॉलीत बसवत नाही, ऑटो सांगतो. यंदा रोवणीचं बोलायला गेलो तेव्हा मावशीला खरं काय झालं होतं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप राहिली. मग म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतं नं जी."