दोन पाळण्यांच्या मधली वर्षे

स्त्रीला दिवस जाण्याची शक्यता साधारण तीस वर्षे असते. दोनच मुले हवी असतील तर त्यातली बहुतेक वर्षे दिवस राहू न देण्यात जातात. साधने वापरणाऱ्या बायका वेगळ्या आणि गर्भपात करून घेणाऱ्या वेगळ्या, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. कुटुंब लहान ठेवायचे एकदा ठरले की साधनांचा वापर आणि गर्भपात काही काळ बरोबरीने वाढू शकतात. दक्षिण कोरियात १९६० नंतर तसे घडले. साधने सर्रास झाल्यावर गर्भपात उतरले.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. आज महाराष्ट्रातला क्रम ठरलेला आहे : लग्न, पाठोपाठ दोन मुले, मग बाईचे ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदी ०.३ टक्के. ऑपरेशनपूर्वीच्या वर्षांकडे मात्र दुर्लक्ष होते. निरोध नवऱ्याच्या मर्जीवर, माला-डीची गोळी रोज आठवणीने घ्यायची, तांबी पोटात वर चढते अशी भीती. अंगावर पाजत असताना पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर अनेकजणी असतात. बीज मात्र पाळीच्या आधीच सुटू शकते. गर्भपातासाठी येणाऱ्या कितीतरी बायका या टप्प्यातल्या, कडेवर मूल असलेल्या असतात.

१९७१ च्या गर्भपात कायद्याने साधन निकामी ठरणे हे गर्भपाताचे कारण मानले, पण विवाहितेपुरते. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरीही ती मागितली जाते. त्याहून वाईट म्हणजे अट घातली जाते : ‘तांबी बसवून घेणार असशील तर पिशवी साफ करतो.’ दोन मुले असतील तर ऑपरेशनचीच अट. टेबलावर निजलेली, घरी काय सांगायचे या विवंचनेत असलेली बाई त्या क्षणी कशालाही हो म्हणते. या होकाराला संमती म्हणता येत नाही. गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आत बीज पुन्हा सुटू शकते, म्हणून साधनाची चर्चा तिथेच व्हायला हवी, हे खरे. पण चर्चा आणि सक्ती यांत फरक आहे. सक्तीने बसवलेली तांबी काही महिन्यांत दुसऱ्या दवाखान्यात जाऊन काढली जाते आणि बाई पुन्हा साधनाविना राहते. अट नाकारणारी बाई औषधाच्या दुकानाकडे वळते. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्यांनी, असा अंदाज आहे. योग्य मात्रेत, वेळेत घेतल्यास या गोळ्या परिणामकारक असतात. मात्र दुकानदार पुढच्या साधनाबद्दल सहसा बोलत नाही. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची ‘छाया’ गोळी सरकारी केंद्रांत मोफत मिळते, हे अशा बाईला कळवणारे कोणी नसते.

दोन मुलांनंतर नसबंदीवरच दिला जाणारा भर खटकतो. तरी ज्या बाईच्या घरात दुसरे कोणतेच साधन चालू दिले जात नाही, तिची दर महिन्याची धास्ती ऑपरेशननेच संपते, हेही नाकारता येत नाही.

ऑपरेशन न झालेल्या स्त्रीला चाळिशीनंतरही सावध राहावे लागते. पाळी पुढे-मागे होते, चुकली तर ती जाण्याची वेळ आली असे वाटते, आणि गर्भ उशिरा ध्यानात येतो. गर्भपातासाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत ठरावीक गटांनाच आहे आणि नुसते वाढलेले वय त्यांत बसत नाही. पन्नाशीआधी पाळी थांबली तर त्यानंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष साधन चालू ठेवावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.